पाय मोडलेली अक्षरं

गेल्या सत्रात हॉस्टेलच्या बोर्डावर मेस कमिटीची एक नोटीस लागली होती: 'आचार्यांना सुट्टी असल्याने रविवारी रात्री मेस बंद राहील.' ती टाईप करणारा महाभाग मीच. दिवसभर पोरं विचारत होती, प्राध्यापक सुट्टीवर गेले तर आपण उपाशी का राहायचं? तेही हसण्यावारी नेलं असतं, पण जेवण वाढताना मेसचे मामा म्हणाले, "काय हो, मला पार आचार्य केलंत! आता पगार पण तसाच करा." मामा चौथी शिकलेले, मी कॉन्व्हेंटचा. चूक त्यांना दिसली, मला दिसली नव्हती. ही गोष्ट मनाला लागली, म्हणून हा थोडा अभ्यास.

इंग्रजीत व्यंजन एकटं उभं राहतं, स्वर वेगळा लिहावा लागतो. आपल्याकडे उलट. 'क' लिहिला की त्यात 'अ' आलाच. तो नको असेल तर तसं दाखवावं लागतं. अशोकाच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, ब्राह्मी लिपीत जोडाक्षरासाठी एका व्यंजनाखाली दुसरं लिहीत. त्या लेखांची भाषा प्राकृत, शब्द स्वरानं संपणारे, त्यामुळे शब्दाच्या शेवटी नुसतं व्यंजन लिहायची वेळच येत नसे. संस्कृतात मात्र 'जगत्' सारखे शब्द आहेत. तिथे हलन्ताचं चिन्ह लागतं, ज्याला आपण 'पाय मोडणं' म्हणतो.

देवनागरीत याच्या तीन तऱ्हा आहेत. एक, सरळ पाय मोडायचा: 'क्'. दुसरी, उभी काठी काढून अक्षर अर्धं करायचं: 'त्या' मधला त. तिसरी, दोघांचं मिळून नवंच रूप: 'क्ष', 'ज्ञ'. गंमत म्हणजे 'घर' म्हणताना शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही, तरी पाय मोडत नाही. वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं, असं आपण धरूनच चालतो.

शेजाऱ्यांनी वेगळे मार्ग काढले. तमिळमध्ये व्यंजनाच्या डोक्यावर एक टिंब देतात, त्याला 'पुळ्ळि' म्हणतात. 'तोल्काप्पियम' या जुन्या व्याकरणग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. टिंबामुळे तमिळला जोडाक्षरांची गरज जवळजवळ उरली नाही. कन्नड आणि तेलुगूत दुसरं व्यंजन बहुधा पहिल्याच्या खाली जातं. मल्याळममध्ये काही व्यंजनांना स्वरहीन असं खास रूपच आहे, त्यांना 'चिल्लु' म्हणतात. युनिकोडनं २००८ साली त्यांना स्वतंत्र क्रमांक दिले.

आता माझी चूक. 'र' चा 'अ' गेला की तो सहसा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो: सूर्य, कार्य, आचार्य. पण मराठीत 'य' आणि 'ह' च्या आधी एक दुसरा, आडवा अर्धा 'र' ही येतो: दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड. दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र, तिथे 'द' वर जोर येतो. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, तिथे जोर येत नाही. तसंच आचार्यांना म्हणजे गुरूंना आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना.

संगणकाच्या दृष्टीनं हलन्त हे स्वतंत्र चिन्ह आहे. 'क्ष' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत तीन क्रमांक साठवलेले असतात: क, हलन्त, ष. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर डी दाबला की हलन्त येतो आणि शिफ्ट धरून तोच डी दाबला की 'अ' येतो. म्हणजे 'अ' घालवायची आणि आणायची कळ एकच! जे दाबला की साधा 'र', शिफ्टसकट जे दाबला की 'ऱ'. आडवा 'र' हवा तर हा दुसरा 'ऱ' घेऊन पुढे हलन्त द्यायचा. माझ्या नोटिशीत फक्त एक शिफ्ट राहिला होता.

प्रोग्राममध्ये अर्धविराम राहिला तर कंपायलर ओरडतो. मराठीत चुकलं तर संगणक गप्प बसतो, कारण 'आचार्यांना' हाही शुद्धच शब्द आहे. तिथे भाषा जाणणारा माणूसच लागतो. म्हणून हल्ली नोटीस लावण्याआधी मी ती मामांना दाखवतो.