जुन्या मालमोटारीचे मागील ब्रेक दुर्बल का होतात ? – दोष शोधण्याची क्रमवार रीत

मालमोटार ही आता शेतीच्या अवजारांपैकीच एक झाली आहे. ऊस कारखान्यावर नेणे, कांदा बाजार समितीत पोचविणे, खत व बियाणे गावी आणणे, ही सर्व कामे तिच्यावरच अवलंबून असतात. पुष्कळ गावांत ही मालमोटार जुनी, दुसऱ्या हातची व हंगामापुरती वापरली जाणारी असते. नांगराचा फाळ बोथट झाला तर नांगरट उथळ होते आणि नुकसान एका हंगामाचे होते. भरलेल्या गाडीचा ब्रेक दुर्बल झाला तर त्याची किंमत चालकाला, मजुरांना आणि रस्त्याने चालणाऱ्या निरपराध माणसाला प्राणांनी मोजावी लागते. म्हणून गळीत हंगामापूर्वी ही तपासणी कशी करावी, याची माहिती येथे देत आहोत. हे विवेचन तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, मागे ड्रम असलेल्या हलक्या व मध्यम मालमोटारींना लागू आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या अवजड गाड्यांच्या ब्रेकच्या डब्यात अत्यंत जोरकस स्प्रिंग दाबून बसविलेली असते. ते डबे शेतकऱ्याने घरी कधीही उघडू नयेत.

ब्रेकचे कार्य कसे चालते ?

चालकाने पेडल दाबले म्हणजे मास्टर सिलिंडरातील तेलावर दाब पडतो. तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरापर्यंत पोचतो. तेथील दोन दट्टे बाहेर सरकून दोन अर्धचंद्राकृती शूंना फिरत्या ड्रमच्या आतील बाजूवर दाबतात. शूंवरील लायनर व ड्रम यांच्या घर्षणाने गाडीची गती उष्णतेत रूपांतरित होते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ताशी २० किलोमीटरऐवजी ४० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी थांबविण्यास ब्रेकला चौपट काम करावे लागते. भरलेल्या गाडीत वजनाचा मोठा वाटा मागील आसावर असतो. मागील ब्रेक निकामी असले तर सर्व भार पुढील ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि घाटाच्या मध्यावर तेही साथ सोडतात.

पहिली पायरी : पेडल काय सांगते ?

कोणताही भाग उघडण्यापूर्वी पेडलची परीक्षा करावी.

(१) पेडल खोल जाते, पण दोन-तीन वेळा दाबल्यावर वर येते : शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले आहे. शू जुळविणे आवश्यक आहे.

(२) पेडल स्पंजासारखे मऊ लागते : नळ्यांत हवा शिरली आहे.

(३) पाय दाबून ठेवला असता पेडल हळूहळू खाली जाते : कोठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरातील रबरी वॉशर झिजले आहेत.

(४) पेडल घट्ट आहे, तरी गाडी थांबत नाही : लायनरला तेल लागले आहे अथवा ते काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत, दट्टे अडकले आहेत, किंवा निर्वात दाबाचे साहाय्यक यंत्र (बूस्टर) निकामी आहे. बूस्टर तपासण्यासाठी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर कार्यक्षम आहे असे समजावे.

दुसरी पायरी : दोष एका चाकात की दोन्हींत ?

गाडी रिकामी करून सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. मागील आस जॅकने उचलून भक्कम लोखंडी घोडीवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा. एकाने पेडल मध्यम जोराने दाबावे व दुसऱ्याने चाके हाताने फिरवून पाहावीत.

एक चाक अडकते व दुसरे फिरते, असे आढळल्यास दोष फिरणाऱ्या चाकाच्या ड्रममध्ये किंवा त्या चाकाकडे जाणाऱ्या नळीत आहे. दोन्ही चाके फिरत असल्यास दोष बहुधा दोघांना सामाईक अशा ठिकाणी, म्हणजे मागील आसावर उतरणाऱ्या रबरी नळीत, भारानुसार दाब बदलणाऱ्या झडपेत किंवा मास्टर सिलिंडरात शोधावा. मात्र दोन्ही बाजूंचे शू सारखेच झिजलेले असणेही शक्य आहे.

रबरी नळी बाहेरून चांगली दिसते, पण जुनी झाल्यावर आतून फुगून तिचा मार्ग अरुंद होतो. चाकावरील निपल ढिले करून पेडल दाबले असता तेल जेमतेम ठिबकत असेल, आणि रबरी नळीच्या अलीकडील जोड ढिला केल्यावर मात्र जोराने येत असेल, तर नळीच दोषी होय. ती बदलावी. परीक्षेसाठी उघडलेला जोड घट्ट करून त्यानंतर हवा काढणे आवश्यक आहे.

काही गाड्यांत मागील आसाला जोडलेल्या दांडीने चालणारी एक झडप असते. गाडी भारामुळे खाली दबली म्हणजे ही दांडी हलते आणि मागील ब्रेकना अधिक दाब मिळतो. दांडी गंजून अडकली तर भरलेल्या गाडीलाही रिकाम्या गाडीइतकाच दाब मिळतो. जास्त माल भरता यावा म्हणून जादा पाटे बसविले तरीही असेच घडते. गाडी दबत नाही, म्हणून झडप तिला रिकामीच समजते. जादा पाटे बसविणारा मालक अशा रीतीने वजन वाढवितो आणि त्याच वेळी ब्रेक कमी करतो, हे ग्राम पातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना आवर्जून समजावून सांगावे.

तिसरी पायरी : ड्रम उघडून पाहणे

ड्रम निघत नसल्यास शू जुळविण्याचा स्क्रू उलट फिरवून शू आत घ्यावेत. आतील धूळ फुंकू नये, झाडूने झटकू नये, हवेच्या नळीनेही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

ड्रमच्या आत ओल आढळल्यास ती कशाची आहे हे प्रथम ठरवावे. थोडे तेल वाटीभर पाण्यात टाकावे. नेहमीचे ब्रेक तेल पाण्यात मिसळते. तसे झाल्यास व्हील सिलिंडर गळत आहे. तेल दाट असून पाण्यावर तरंगले व त्याला गंधकासारखा उग्र वास आला, तर ते मागील आसातील गिअर तेल असून आसाचे सील फुटलेले आहे.

येथे एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. नवे सील व नवे लायनर बसवूनही काही दिवसांत ड्रममध्ये पुन्हा तेल येते, आणि दोष सीलच्या प्रतीवर ढकलला जातो. मागील आसावर हवा जाण्यासाठी एक लहान तोटी असते. उसाच्या फडातील चिखलाने ती बुजली म्हणजे आस तापल्यावर आतील हवेचा दाब वाढतो व तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. ही तोटी साफ केल्याशिवाय सील बदलणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय.

तेल मुरलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरू नये. तापला की मुरलेले तेल वर येते. लायनर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजण्यापूर्वीच बदलावेत आणि ते नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. अन्यथा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढते. ड्रमवर खोल चरे असल्यास तो लेथवर घासून घेता येतो, परंतु ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो मोठा होता कामा नये. आरपार तडा गेलेला ड्रम मोडीत काढावा.

हंगामी गाड्यांमध्ये आणखी एक दोष आढळतो. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत गाडी उभी राहते आणि व्हील सिलिंडरातील दट्टे गंजून जागीच अडकतात. रासायनिक खत वाहणाऱ्या गाड्यांत खतातील क्षारांमुळे गंज लवकर धरतो. अडकलेले दट्टे हातोडीने ठोकून मोकळे करणे हा उपाय नव्हे. सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर खड्डे पडले असल्यास तो नवा घालावा.

चौथी पायरी : तेल व हवा

ब्रेक तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलाची ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. घाट उतरताना ब्रेक तापले की असे तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल एकदम तळाला जाते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल बंद डब्यातून घ्यावे व ते साधारण दोन वर्षांनी संपूर्ण बदलावे. इंजिन तेल किंवा हायड्रॉलिक तेल त्यात एक थेंबही मिसळू नये. त्याने सर्व रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

हवा काढताना सामान्यतः मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. पेडल दाबून धरल्यावर निपल उघडावे व पेडल सोडण्यापूर्वी ते बंद करावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे आणि टाकीतील तेल तळाला जाऊ देऊ नये.

पाचवी पायरी : जुळवणी व परीक्षा

ड्रम बसविल्यावर चाक अडकेपर्यंत जुळवणीचा स्क्रू फिरवावा, नंतर चाक मोकळे फिरेपर्यंतच तो मागे घ्यावा. पेडल काही वेळा दाबून पुन्हा तपासावे. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात. हँडब्रेकची तार ताणून पेडलची उणीव झाकण्याचा प्रयत्न करू नये. आधी शू, मग तार, हाच क्रम होय. शेवटी रिकामी गाडी मोकळ्या मैदानात ताशी २० किलोमीटर वेगाने चालवून पाहावी. ती सरळ थांबल्यावरच गाडीत माल भरावा. नवे लायनर ड्रमवर पूर्ण बसेपर्यंत जोराचे ब्रेक टाळावेत.

घाटातील दक्षता

ब्रेक कितीही चांगले असले तरी त्यांना मर्यादा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे म्हणजे इंजिनाचा अटकाव व बूस्टरचे साहाय्य दोन्ही गमावणे होय. वाचलेले डिझेल तांब्याभरही नसते. मालाच्या वर मजूर बसवू नयेत. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. ती केवळ कागदाची पूर्तता न मानता हीच तपासणी त्यापूर्वी पूर्ण करावी.

लक्षात ठेवण्याचे मुद्दे

१. आधी पेडल, मग चाके, मग ड्रम, या क्रमाने दोष शोधावा.
२. ओल कोणत्या तेलाची आहे हे ठरविल्याशिवाय सुटे भाग विकत आणू नयेत.
३. आसावरील हवेची तोटी व झडपेची दांडी दर हंगामापूर्वी साफ करावी.
४. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत.
५. मास्टर सिलिंडर व बूस्टर यांची दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावी.
६. ब्रेकविषयी शंका असेपर्यंत गाडीत माल भरू नये. एक खेप चुकली तर ती दुसऱ्या दिवशी भरून काढता येते.