ओट्याचा दगड आधी घरी आणा

काळा ग्रॅनाइट आतूनही काळाच असतो, असं आम्ही धरून चाललो होतो. डोंबिवलीच्या घरात ओटा बसला तेव्हा तो इतका चकचकीत होता की वरची ट्यूबलाइट त्यात स्वच्छ दिसायची. पावसाळा सरेपर्यंत सिंकच्या भोवती, जिथे दिवसभर ओलं फडकं फिरतं तिथे, दगड राखाडी दिसायला लागला. साबणाचा थर असेल म्हणून घासला, तर आणखीच राखाडी. मग एकदा लेकीच्या हातून नेलपॉलिश काढायचं लिक्विड ओट्यावर सांडलं. तिने कापसाने पुसलं आणि कापूस काळाकुट्ट! करड्या दगडाला रंग देऊन तो 'जेट ब्लॅक' म्हणून आमच्या गळ्यात मारला होता.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, "ताई, तुम्ही फिनेल वापरलं असणार." विषय संपला.

हा प्रकार काही आमच्यापुरता नाही. एकसारखा गडद काळा दगड महाग पडतो, करडा त्या मानाने स्वस्त. त्यावर रंग आणि पॉलिश चढवलं की दुकानाच्या दिव्यांखाली दोन्ही सारखेच. पण ओळखता येतं. फळी उलटी करायला सांगा आणि मागच्या खडबडीत बाजूवर तांब्याभर पाणी ओता. कोरडी मागची बाजू फिकी दिसणारच, तिच्यावर जाऊ नका. ओली झाली की खरा काळा दगड मागूनही जवळजवळ पुढच्याइतका गडद दिसतो. रंगवलेला दगड भिजला तरी करडाच राहतो. कापलेल्या कडेकडेही बघा. कड घासून गोल करताना रंग निघून जातो, म्हणून कारागीर तिथे पुन्हा काळं फासतात. नेलपॉलिशच्या लिक्विडचा बोळा पांढऱ्या कापडात धरून चोळला की उरलासुरला संशय फिटतो. एखाद वेळी नुसतं पॉलिशचं मेण कापडाला लागतं, म्हणून तीच जागा दोन-तीनदा चोळून बघावी. मेण संपतं, रंग येतच राहतो.

माझ्या जाऊबाईंची गोष्ट वेगळी. त्यांना पांढराशुभ्र ओटा हवा होता, म्हणून मकराण्याचा संगमरवर घातला. देखणा होता, यात वाद नाही. पण आपलं स्वयंपाकघर म्हणजे लिंबू, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ आणि ताक. संगमरवर हा चुन्याच्या कुळातला दगड, कॅल्शियम कार्बोनेट. आंबट त्याला खातं. कापलेलं लिंबू पालथं ठेवलं की तेवढ्या जागेची चकाकी जाते आणि तिरप्या उजेडात गोल वळ दिसतो. तो डाग नसतो, म्हणून घासून जात नाही. पॉलिशच गेलेलं असतं. दुकानदार सांगेल, सीलर मारून देतो. सीलरने हळद आणि तेल मुरायला वेळ लागतो, पण आंबटाचं खाणं थांबत नाही. शिवाय दगड मऊ. सुरीचा ओरखडा संगमरवरावर उठतो. ग्रॅनाइटवर सुरीचीच धार जाते. देवघराला संगमरवर घाला, ओट्याला नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पांढऱ्याचा सोस असेल तर हल्ली लोक क्वार्ट्झकडे वळतात. तो खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. 90 टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झची खडी आणि पूड, बाकी रेझिन. पाणी पीत नाही, आंबटाला दाद देत नाही, हळद वेळीच पुसली तर निघते. त्याचं वैर उष्णतेशी. साधारण 150 अंशांच्या पुढे रेझिन पिवळं पडू शकतं किंवा तडकू शकतं, आणि फोडणीचं तेल त्याहून जास्त तापलेलं असतं. लोखंडी तवा नाहीतर फोडणीची पळी थेट ओट्यावर टेकवायची सवय ज्या घरात आहे, तिथे क्वार्ट्झ नको. सवय बदलू म्हणणारे बदलत नाहीत. निदान आमच्या घरात तरी नाही.

याच क्वार्ट्झची आणखी एक बाजू आहे. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली, कारण तो कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या बारीक धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो. ओटा वापरणाऱ्याला त्याचा त्रास नाही, कापणाऱ्याला आहे. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतं, प्रमाण कमी एवढंच. आपल्याकडे कटर घेऊन येणारी पोरं तोंडाला रुमाल बांधून बाल्कनीत कोरडंच कापतात आणि घरभर पांढरी धूळ होते. रुमालाने ती बारीक धूळ अडत नाही. दगड दुकानातच, पाणी सोडून कापून आणायला सांगा. चार पैसे जास्त लागले तर लागू देत.

दगड चांगला निघाला तरी बसवताना घोटाळे होतातच. सिंक आणि हॉबसाठी भोक पाडलं की पुढेमागे दगडाची चिंचोळी पट्टी उरते. ओटे तडकतात ते बहुधा तिथे. त्या पट्टीखाली कडप्प्याचा आधार आहे ना, हे मिस्त्री असतानाच वाकून बघा. एल आकाराच्या ओट्यात जोड टळत नाही, पण तो सिंकजवळ येऊ देऊ नका. डाळीचं पाणी आणि हळद त्यात शिरली की पिवळी रेघ कायमची. उतार सिंककडे असावा. पुढच्या कडेखाली बारीक खाच मारून घेतली तर पाणी तिथेच गळतं, खालच्या कपाटांच्या दारांवर जात नाही. आणि उंची? जी पोळ्या लाटणार तिला उभी करून, तिच्या कोपरापासून ठरवा. मिस्त्रीचं ठरलेलं माप सगळ्यांना कसं चालेल?

दगड ठरवण्याआधी दुकानातून त्याच फळीचा वीतभर तुकडा मागून घरी आणा. त्यावर रात्रभर लिंबाची फोड, तेलात कालवलेली हळद आणि आगळाचे थेंब ठेवा, सकाळी धुऊन उजेडात तिरपा धरून बघा. तुकडा द्यायला का-कू करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. पैसे देताना बिलावर दगडाचं नाव, जाडी आणि 'रंग न दिलेला' हे शब्द लिहून घ्या. आमच्या बिलावर फक्त 'काळा दगड' आणि स्क्वेअर फूट एवढंच होतं, त्यामुळे भांडायला गेलो तेव्हा हातात काहीच नव्हतं.