कावेरीकाठची ज्ञानकेंद्रे



शाळा सुटली की शिक्षण संपले, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. शेती, नोकरी किंवा घरसंसार सांभाळून आपण हा पाठ वाचीत आहात, त्याअर्थी आपण तो समज केव्हाच दूर सारला आहे. मात्र अशा शिकणाऱ्या माणसाला ज्ञान कोठे मिळते, कोणत्या भाषेत मिळते आणि ते देणाऱ्याच्या दारात त्याला मोकळेपणाने पाऊल टाकता येते का, हे प्रश्न उरतातच. त्यांचा विचार करण्यासाठी आपण तमिळनाडूतील तंजावर परिसरात जाऊ.

तंजावर मराठी माणसाला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. राजसत्तेचा खरा कारभार तेव्हा इंग्रजांच्या हाती गेला होता. राजांनी आपले लक्ष विद्येकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी अशा अनेक भाषांतील हस्तलिखितांची मोलाची भर घातली. राजवाड्यात देवनागरी छापखाना उभारला आणि इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने १८०६ मध्ये मराठीत छापविल्या. ओरत्तनाडूच्या छत्रात यात्रेकरूंना अन्न मिळे, तशी मुलांना विद्याही मिळे. १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. तो आजही तेथे पाहता येतो.

परंतु भिंतीवरचा लेख ज्याला अक्षरओळख आहे त्यालाच वाचता येतो, आणि राजाचे ग्रंथालय ज्याला आत प्रवेश आहे त्याच्याच उपयोगी पडते. सरस्वती महाल सर्वसामान्य वाचकांसाठी खुला व्हायला १९१८ साल उजाडावे लागले. ज्ञान साठविणे आणि ज्ञान पोचविणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

पाण्याची तारीख

तंजावरच्या भोवती कावेरी अनेक फाट्यांनी पसरते. हा सुपीक त्रिभुज प्रदेश म्हणजे तमिळनाडूचे भाताचे कोठार. येथील शेतकऱ्याचे वर्ष पंचांगाइतकेच मेट्टूर धरणाच्या दरवाजांवर चालते. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. पण धरणात साठा कमी असेल, तर ती तारीख पुढे ढकलली जाते. पाणी वेळेवर आले तर 'कुरुवै' हे थोड्या दिवसांचे भात घ्यावे. उशीर झाला तर ते सोडून लांब मुदतीच्या 'सांबा' भाताची तयारी करावी. रोपवाटिका टाकून बसलेल्या शेतकऱ्याला पाण्याची बातमी आठ दिवस उशिरा कळली, तर त्याचे बी आणि मजुरी दोन्ही वाया जातात. त्याच्या दृष्टीने शिक्षण म्हणजे हेच: योग्य माहिती, योग्य वेळी, आपल्या भाषेत.

संगणक गावात येतो

या गरजेतूनच एक प्रयोग जन्मास आला. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ मध्ये पुदुच्चेरीच्या खेड्यांत 'ग्राम ज्ञानकेंद्रे' सुरू केली. विल्लियनूर येथील मध्यवर्ती केंद्रात माहिती गोळा होई, तिचे तमिळ भाषांतर होई आणि बिनतारी यंत्रणेद्वारे ती गावोगावच्या संगणकांवर जाई. केंद्रासाठी जागा गावानेच द्यायची आणि ती जागा दलितांसह सर्वांना खुली असली पाहिजे, अशी अट होती. केंद्र चालविणारी माणसे गावातलीच, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा. माझ्या मते या साऱ्या योजनेत यंत्रापेक्षा ही अट अधिक क्रांतिकारक होती.

वीरमपट्टिणम् या कोळ्यांच्या गावात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज आंतरजालावरून घेऊन ध्वनिक्षेपकावरून सांगितला जाई. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही कानांवर तो पडे.

२००४ च्या ऑक्टोबरात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या साहाय्याने हेच काम उपग्रहाशी जोडले गेले. तमिळनाडूतील ज्या पहिल्या तीन ग्राम संसाधन केंद्रांचे उद्घाटन झाले, त्यांपैकी एक तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारू येथे होते. संत त्यागराजांच्या समाधीमुळे संगीतप्रेमींना हे गाव ठाऊक आहेच. आता तेथील शेतकरी पडद्यासमोर बसून दूरच्या तज्ज्ञाशी समोरासमोर बोलू शकत होता. पिकावरच्या रोगाचे वर्णन ऐकणे वेगळे आणि रोगट पान तज्ज्ञाला दाखविणे वेगळे.

त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामी आली. पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू गावातील एक तरुण तेव्हा सिंगापूरला होता. तेथे बातमी कळताच त्याने गावी दूरध्वनी केला. गावकऱ्यांनी ज्ञानकेंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून सर्वांना किनारा सोडण्यास सांगितले. घरे, होड्या, जाळी गेली, माणसे वाचली. रोज लाटांचा अंदाज सांगणाऱ्या आवाजावर गावाचा विश्वास बसलेला होता, म्हणून तो आवाज त्या दिवशीही मानला गेला.

शहर 'स्मार्ट' होते म्हणजे काय?

केंद्र शासनाच्या २०१५ मधील स्मार्ट सिटी अभियानात तंजावर शहराची निवड २०१६ मध्ये झाली. अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. अशा शहरांत रस्ते, दिवे, कॅमेरे यांची चर्चा फार होते. शिकणाऱ्या प्रौढाची मात्र क्वचितच होते. वास्तविक आज साधने विपुल आहेत. २०१७ पासून 'स्वयम्' या मंचावर घरबसल्या अभ्यासक्रम करता येतात. मुक्त विद्यालयाचे पाठही तेथे आहेत. २००१ मध्ये तमिळ आभासी विद्यापीठ या नावाने स्थापन झालेली संस्था आंतरजालावरून तमिळ शिकविते. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि बाजारात तमिळ बोलणारी तंजावरी मराठी कुटुंबे आजही आहेत. अशा घरांतील प्रौढाला आपल्या घरची लिपी शिकायची असेल, तर तीही सोय हवी.

परंतु भ्रमणध्वनी घरात एकच असतो आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. अर्ज भरताना अडखळलेल्या बाईला शेजारी बसून मदत करणारे कोणीतरी लागते. तिरुवैयारूच्या केंद्रात अशी व्यक्ती होती. शहराच्या सेवाकेंद्रात ती आहे का, हे खिडकीपाशी उभे राहूनच कळते.

शब्दार्थ
त्रिभुज प्रदेश – नदीच्या मुखाशी गाळाने बनलेली सपाट भूमी
छत्र – यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा व अन्नछत्र
प्रघात – चालत आलेली रीत
बिनतारी – तारेशिवाय चालणारी

स्वाध्याय
१. ज्ञानकेंद्रासाठी जागा देताना गावाला कोणती अट पाळावी लागे? लेखिकेला ती महत्त्वाची का वाटते?
२. 'ज्ञान साठविणे आणि ज्ञान पोचविणे ही दोन वेगळी कामे आहेत.' पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या सेवाकेंद्राला भेट द्या. तेथे कोणत्या भाषेत माहिती मिळते, स्त्रिया किती येतात आणि मदतीला कोण असते, याविषयी दहा ओळी लिहा.