सहा जणांच्या फर्मला पुण्याहून इंजिनिअर आणता येईल?

प्रश्न : सिंगापूरमध्ये माझी सहा जणांची सॉफ्टवेअर फर्म आहे. पुण्यातल्या २७ वर्षांच्या इंजिनिअरला महिना ५,८०० डॉलरवर आणायचंय. एम्प्लॉयमेंट पास काढावा की एस पास?

उत्तर : या पगारावर एम्प्लॉयमेंट पास मिळणार नाही. २०२५ मध्ये लागू झालेली ५,६०० सिंगापूर डॉलरची किमान पगाराची मर्यादा सर्वांत तरुण उमेदवारांसाठी आहे. वयागणिक ती वाढत पंचेचाळिशीला १०,७०० वर जाते. सत्ताविसाव्या वर्षी साडेसहा हजारांच्या आसपास धरा.

शिवाय ‘कॉम्पास’ या गुणपद्धतीत ४० गुण हवेत. २५ पेक्षा कमी व्यावसायिक कर्मचारी असलेल्या फर्मला त्यातले २० आपसूक मिळतात. मान्य पदवीचे १० मिळाले, तर उरलेले १० पगारावर ठरतील. कर्मचारी दहापेक्षा कमी असल्याने आधी १४ दिवस नोकरीची जाहिरात देण्याची अट तुम्हाला नाही.

एस पासचा विचार सोडा. सेवाक्षेत्रात त्याचा कोटा एकूण मनुष्यबळाच्या १० टक्केच आहे. सहा जणांत एकही बसत नाही.

पगार वाढवा, पदवीची पडताळणी करून घ्या आणि मनुष्यबळ मंत्रालयाच्या ‘सेल्फ असेसमेंट टूल’वर आकडे तपासूनच अर्ज भरा. नोकरीच्या बदल्यात उमेदवाराकडून पैसे मात्र घेऊ नका; सिंगापुरात तो गुन्हा आहे.