आप्पांच्या कीर्दीत खाडाखोड नव्हती

अगं, परवा रात्री तू फोन ठेवलास आणि मला झोप लागली नाही. बेळगावात इंजिनिअरिंग केलंस, बेंगळूरला पाच वर्षं जावात काढलीस, तुझ्या शब्दाला वजन आलं आणि आता नव्या नोकरीत सगळं एलिक्झरमध्ये. "अक्का, क्लासच नाहीत. मग मी सगळं ठेवू कुठं?" हे विचारताना तुझा आवाज कापत होता. मी त्याच वाटेनं गेलेय, म्हणून सांगते.

आप्पांची बैठक आठवते? निपाणीच्या त्या वखारीत तंबाखूच्या खकाण्यानं आपले डोळे चुरचुरायचे आणि आप्पा मान खाली घालून कीर्द लिहीत असायचे. दिवसभराचा व्यवहार कीर्दीत, मग तिथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. चूक सापडली तरी खोडायचे नाहीत. उलटी नोंद घालायचे आणि पुढं कारण लिहायचे. कुणाची बाकी किती असं विचारलं की नोंदींची बेरीज-वजाबाकी करून सांगायचे.

आता तुझा जावातला खात्याचा क्लास बघ. त्यात 'बाकी' म्हणून एक घर. पैसे आले की जुना आकडा पुसायचा, नवा लिहायचा. नव्या पद्धतीत नोंदी आहेत तशा राहतात आणि बाकी काढणारं फंक्शन वेगळं असतं. त्याला नोंदी दे, ते बाकी देईल. मात्र एलिक्झरमध्ये डेटा बदलत नाही म्हणून इतिहास आपोआप जपला जातो, असं समजू नकोस. नोंदी साठवायच्या हे तुलाच ठरवावं लागतं.

मी सुरुवातीला काय केलं ते ऐक, म्हणजे तू तिथं अडकणार नाहीस. क्लास गेले म्हटल्यावर मी मजुरीच्या हिशोबात प्रत्येकाच्या जागी एक जेनसर्व्हर, म्हणजे स्वतंत्र चालणारी प्रोसेस, उभा केला. कामगार एक प्रोसेस, खातं एक प्रोसेस, दर सांभाळायला आणखी एक. प्रोसेस स्वतःची स्थिती जपते, निरोप पाठवला की उत्तर देते, म्हणून ती मला ओळखीची वाटली. मग महिनाअखेरीला दराच्या त्या एकाच प्रोसेसपुढं निरोपांची रांग लागली आणि सगळ्यांचा हिशोब तुंबला. एलिक्झर ज्या एरलँगवर चालते, ती १९८० च्या दशकात एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली. एक कॉल कोसळला तरी बाकीचे चालू राहावेत, ही त्यांची गरज. एकाच वेळी चालणारी कामं आणि पडझडीपासून बचाव, प्रोसेस त्यासाठी. कोड लावून ठेवायला साधी मॉड्यूल पुरतात.

मग मांडणी कशी करायची? आई वळायची त्या बिड्यांचा हिशोब घे. किती बिड्या दिल्या, त्यातली छाट किती, हजारी दर काय. या तिन्हींतून मजुरी निघते. तुझा जुना 'मजुरी सर्व्हिस' क्लास काय करायचा? आतूनच डेटाबेसमधून दर आणायचा, घड्याळाला तारीख विचारायचा, मजुरी काढायचा, खातं बदलायचा आणि एसएमएसही पाठवायचा. त्याची एक चाचणी लिहायला तुला चार खोट्या वस्तू उभ्या कराव्या लागायच्या. आता मधला हिशोब तेवढा उचल. दर, तारीख, बिड्यांची संख्या, सगळं त्याला हातात दे. तो फक्त आकडा परत देईल. आप्पा कधी काट्याजवळ जाऊन वजन बघत नसत. काट्यावरचा माणूस चिठ्ठी आणून द्यायचा आणि आप्पा त्यावरून लिहायचे. तुझ्या हिशोबाच्या फंक्शनलाही अशीच चिठ्ठी मिळू दे. डेटाबेस, घड्याळ, एसएमएस हे सगळं वखारीच्या दारात राहू दे. गॅरी बर्नहार्ट यांनी २०१२ च्या एका व्याख्यानात हीच रचना मांडली होती: आत निव्वळ फंक्शन, बाहेर व्यवहाराचं पातळ कवच.

तू विचारशील, हिशोब अर्ध्यावर असताना आणखी माहिती लागली तर? लागते, बऱ्याचदा लागते. समजा, छाट ठरावीक प्रमाणाबाहेर गेली तरच मागच्या महिन्याची नोंद बघायची आहे. तर निर्णयाचे दोन तुकडे कर. पहिलं फंक्शन फक्त एवढंच सांगेल की मागची नोंद हवी. दारातलं फंक्शन ती आणेल आणि दुसऱ्याच्या हाती देईल. थोडी लांबण लागते हे खरं. पण मजुरी चुकली तर नेमकं कुठं बघायचं, हे तुला कळतं. माझ्या मते ती लांबण परवडते.

फाइलींची नावं कामावरून ठेव: मजुरी, कामगार, उचल. कंट्रोलर एका कपाटात, सर्व्हिस दुसऱ्यात, ही सवय सोड. एलिक्झरच्या फिनिक्स या वेब फ्रेमवर्कनं २०१७ मध्ये 'कॉन्टेक्स्ट' आणले ते याच विचारानं. आणि हो, जावात शिकलेलं काही वाया गेलेलं नाही. कुणाची जबाबदारी कुठं संपते हे ओळखायची तुझी नजर इथंही लागणार आहे, रोज लागणार आहे. मोनाड वगैरे शब्दांनी घाबरू नकोस, पहिल्या महिन्यात तुला त्यांची गरज नाही.

तू नव्यानं शिकतेस म्हणून टीममधल्या कुणी हसलं तर हसू दे. जॉन बॅकस यांनी फोरट्रान घडवली आणि १९७७ मध्ये ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्याच धाटणीच्या भाषांवर टीका करून फंक्शनची वाट सुचवली. एवढ्या मोठ्या माणसानं आपली वाट बदलली. तुला तर पाचच वर्षं झालीत.

उद्या ऑफिसात गेलीस की एकच कर. सगळ्यात किचकट मॉड्यूल उघड, त्यातल्या निव्वळ आकडेमोडीच्या ओळी वेगळ्या काढ आणि त्यांची चाचणी लिही. डेटाबेसला हात लावू नकोस. रात्री मला फोन कर, मी जागी असेन.