कृपेच्या झोपड्या

(वाचन : मत्तय ७:१५-२३, रोम. १२:१७-२१)

अमेरिकेतील ओहायो राज्यात टस्करावस नदीकाठी ग्नाडेनहुटेन नावाचे लहानसे गाव आहे. या जर्मन नावाचा अर्थ ‘कृपेच्या झोपड्या’ असा होतो. त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

मोरेव्हियन मिशनचे डेव्हिड झाइसबर्गर यांच्या देखरेखीखाली त्या देशाच्या मूळ रहिवाशांपैकी मोहिकन व लेनापे ख्रिस्ती लोकांनी १७७२ साली हे गाव वसविले. मका पिकवावा, मुलांस शिकवावे, उपासनेस जमावे, असा त्यांचा क्रम असे.

पुढे इंग्रज व अमेरिकन वसाहतवाले यांचे युद्ध जुंपले. या मंडळीने लढाईत पडण्याचे नाकारिले, म्हणून दोन्ही पक्षांस तिचा संशय आला. सप्टेंबर १७८१ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या योद्ध्यांनी तिला उभे पीक सोडावयास लावून सँडस्की नदीकडे नेले. हिवाळ्यात तेथे अन्न मिळेना, तेव्हा शंभरावर माणसे आपली राहिलेली कणसे काढण्यास परत आली.

इतक्यात पेनसिल्व्हेनियाहून डेव्हिड विल्यमसन याची सशस्त्र टोळी आली. ‘तुम्हांस सुरक्षित स्थळी नेतो’ असे सांगून तिने त्यांची शस्त्रे घेतली. मग सरहद्दीवरील खुनांचा आरोप ठेवून देहान्ताची शिक्षा ठरविली. टोळीतील थोडक्यांनी विरोध केला, पण तो व्यर्थ गेला. बंदिवानांनी ती रात्र प्रार्थनेत व गायनात घालविली. ८ मार्च १७८२ रोजी २८ पुरुष, २९ स्त्रिया व ३९ मुले, अशी ९६ माणसे मारिली गेली. दोन मुलगे मात्र वाचले. मारणाऱ्यांस शिक्षा झाली नाही. त्याच जूनमध्ये लेनापे योद्ध्यांनी सूड म्हणून कर्नल क्रॉफर्ड यास जाळिले. तो तर त्या कृत्यात नव्हताच.

१७९८ साली मिशनरी जॉन हेकेवेल्डर परतले, गाव पुन्हा वसले व मृतांच्या अस्थी गोळा करून पुरण्यात आल्या. भोवतालचा टस्करावस जिल्हा १८०८ साली झाला. पुढे कालवा आला, वस्ती वाढली. १८७२ साली त्या जागी स्मारकस्तंभ उभारिला गेला.

बंधुभगिनींनो, मारणारे ख्रिस्ती म्हणविणारे होते, आणि मरणारेही ख्रिस्तीच. नाव एक, फळे निराळी. गावात दोन तट पडले व दोघांनीही आम्हांस परके मानिले, तर आम्ही कोणते फळ दाखवू?

विचारार्थ प्रश्न
१. ही माणसे परत का आली?
२. विरोध करणारे थोडके होते. त्यांच्या जागी आपण काय केले असते?
३. सुडाने कोणाचे भले झाले?