सामायिक विहिरीच्या पाळीचें घड्याळ

सामायिक विहिरीचा हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लिहिलेला असतो. परंतु त्या हिश्श्याचें पाणी किती वाजतां सुरू व्हावें व किती वाजतां थांबावें, हें बहुधा कोणत्याही दप्तरांत नसतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पाणीपाळीच्या तक्रारींचे अर्ज मीं पुष्कळ वाचले. त्यांतील कित्येक भांडणें पाण्याचीं नसून घड्याळाचीं असावीं, हा विचार मात्र निवृत्त होऊन मळ्यांत राहावयास आल्यावर सुचला.

आमची विहीर तिघांची. पाणी उंचावरील टाकींत चढवून तेथून तिघांच्या डाळिंबांस ठिबकनें जातें. आठ आठ तासांच्या तीन पाळ्या. झडपा उघडण्यामिटण्याचें काम एका लहानशा यंत्राकडे दिलें. गांवांतील मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका तरुणानें मायक्रोकंट्रोलर घालून तें तयार केलें होतें. पांचव्या दिवशीं पहाटे तीनच्या सुमारास धाकट्या चुलतभावानें दार ठोठावलें. "दादा, माझी सहाची पाळी तिनालाच कशी लागली? यंत्रास हात कोणी लावला?" दप्तराचा माणूस मी, तेव्हां संशयही माझ्यावरच.

हिशेब करून पाहिला. यंत्राचा तास ५८ मिनिटें १२ सेकंदांचा निघाला, म्हणजे शेंकडा तीन जलद. दिवसाकाठीं ४३ मिनिटें पुढें सरकत गेलीं. हिस्सा कोणाचाच बुडाला नाहीं, कारण तिघांच्याही पाळ्या सारख्याच आंखूड झाल्या. पण दिवसाची पाळी रात्रींत चालली. अकरा दिवसांत एकाची पाळी दुसऱ्याच्या वेळेवर जाऊन बसली असती. रात्रीं बॅटरी घेऊन साप-विंचवांतून झडपा पाहावयास जाणें काय असतें, तें वाचकांस सांगावयास नको.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे चिमुकला हिशेबनीस. त्यास वेळ कळत नाहीं. तो केवळ ठोके मोजतो. सेकंदास ऐंशी लक्ष ठोके पडतात असें त्यास सांगितलें, म्हणजे तितके मोजून तो एक सेकंद मांडतो. ठोके घाईनें पडले तरी त्याची तक्रार नसते. आमच्या यंत्रांतील एटमेगा ३२८पी या चिपेच्या पोटांतच ठोके देणारी सोय आहे, परंतु ती रोधक व कपॅसिटर यांवर चालते. कारखान्यांतून येतांना तींत शेंकडा दहापर्यंत चूक असूं शकते, असें बनविणारेच लिहितात. ती मोजून शेंकडा एकवर आणतां येते, आणि आम्ही पौषांत तसें केलेंही. चैत्रांत पत्र्याचा डबा तापला आणि चूक बदलली! सोलापूरच्या उन्हांत, जेथें पारा चाळिसाच्या वर जातो, तेथें असला आंतला ठोका भरंवशाचा नव्हे.

ठोका बाहेरून द्यावा, हा उपाय. क्वार्ट्झच्या स्फटिकास दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. त्याच गुणावर १९२७ सालीं अमेरिकेंत मॅरिसन यानें पहिलें क्वार्ट्झ घड्याळ चालविलें. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या कित्येक किलोमीटर पसरलेल्या आहेत, आणि त्या सर्वांस ठोका मध्यवर्ती ठिकाणाहून काचतंतूंतून पुरविला जातो. प्रत्येक थाळीनें आपापलें घड्याळ चालविलें, तर तिसांचा मेळ बसणार नाहीं. आमच्या तीन झडपांची गोष्ट लहान, पण जात तीच.

साधा स्फटिकही पुष्कळ काम देतो. मनगटी घड्याळांतील ३२,७६८ ठोक्यांचा स्फटिक २५ अंशांस सर्वांत बरोबर चालतो. डबा साठ अंशांपर्यंत तापून तसाच राहिला तर दिवसास साडेतीन सेकंदांच्या आसपास मागें पडतो. दरमहा वेळ लावणाऱ्यास तेवढें पुरे. मग अधिक खर्च कां? माझें उत्तर असें कीं, वेळ लावावयास डबा उघडावा लागतो, आणि डबा उघडला कीं संशय आलाच. वर्षभर कोणी हात लावूं नये, असें घड्याळ आम्हांस हवें होतें. म्हणून उष्णतामान पाहून स्वतःचा ठोका सुधारणारा ऑसिलेटर घेतला. बाजारांत त्यास टीसीएक्सओ म्हणतात. दहा लाखांत दोन एवढी चूक धरली तर वर्षाचें अंतर सुमारें एक मिनिट होतें.

घेतांना त्याचा ठोका चौकोनी लाटेचा आहे, हें विचारून घ्यावें. पुष्कळ टीसीएक्सओंतून एक व्होल्टाहूनही लहान, गोलसर लाट निघते. तिनें ही चिप सरळ चालविण्याचा भरंवसा नाहीं. व्होल्टेजही जुळलें पाहिजे. चिप ५ व्होल्टांवर असेल तर ठोक्याची उंची निदान साडेतीन व्होल्ट लागते, आणि ऑसिलेटर ३.३ चा असेल तर ती पुरत नाहीं. आम्ही दोन्ही ३.३ वरच चालविलीं व ठोका सेकंदास एक कोटीचा ठेविला. त्याहून फार जलद ठोका या व्होल्टेजवर चिपेस झेपत नाहीं.

जोडणी सोपी आहे. ऑसिलेटरचे पाय बनविणाऱ्याच्या कागदावरून ओळखावे, अंदाजानें नव्हे. वीज व जमीन यांचे पाय जोडून त्यांच्यामध्यें अगदीं जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. ठोक्याचा पाय २८ पायांच्या चिपेच्या नवव्या पायास द्यावा. दहावा मोकळा सोडावा. ही तार बोटभराहून लांब नको आणि मोटारीच्या तारांजवळून तर मुळींच नको.

नंतर चिपेच्या आंतील 'फ्यूज' बदलावे. हे जळणारे फ्यूज नव्हेत. ठोका कोठून घ्यावा हें सांगणाऱ्या त्या खुणा आहेत. बाहेरचा ठोका ही खूण करावी, आणि ठोक्यास आठांनीं भागणारी जी खूण कारखान्यांतून लावलेली असते ती काढावी. ती राहिली तर एका तासाचे आठ होतील. प्रोग्रॅममध्येंही सेकंदास एक कोटी ठोके असेंच लिहावें. आमचें येथें नुकसान झालें. ऑसिलेटर जोडण्यापूर्वींच खूण बदलली. ठोका न मिळाल्यानें चिप मुकी झाली, आणि मेली समजून अशा दोन चिपा आम्ही फेंकून दिल्या. नवव्या पायास ठोका देतांच तिसरी बोलूं लागली, तेव्हां चूक उमगली.

यंत्रास बॅटरीचा आधार हवाच. वीज जातांच मोजणी तुटली, तर उत्तम ऑसिलेटरचाही उपयोग काय?

दहा दिवस वेळ ताडून पाहून पाडव्यास डबा बंद केला, कुलपावर कागद चिकटवून तिघांनीं सह्या केल्या. पुढच्या पाडव्यास तिघांदेखत तो उघडला. मोबाईलच्या वेळेशीं अंतर एका मिनिटाच्या आंत भरलें. तें चुलतभावानें आपल्या हातानें वहींत लिहिलें, आणि नवा कागद चिकटविला.